रिकामा गळ



भर थंडीत गळ टाकून चार तास पाण्याकाठी बसलेला माणूस एकही मासा न घेता घरी परतला, तर त्याचा वेळ वाया गेला असे म्हणावे का? प्रश्न किरकोळ वाटेल. ज्या भागात दिवाळीपासून घरोघरी कुलपे लागलेली आहेत, तिथे फादरांना मासे कुठून सुचले, असेही कोणी म्हणेल. पण हा प्रश्न गेल्या महिनाभरात दोन पाण्यांवरून माझ्याकडे आला. एकदा अमेरिकेतल्या एका नदीवरून पत्राने, आणि एकदा आपल्याच सोन्नाखोट्याच्या तलावावरून. दोन्हीकडे थंडी होती, दोन्हीकडे गळ होता, दोन्हीकडे मासा लागत नव्हता. तरीही ते एकच काम होते असे मला म्हणवत नाही.

पत्र लिहिणारे फादर माझे सेमिनरीतील सोबती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसत असू. सध्या ते न्यू मेक्सिको राज्यातील एका पॅरिशमध्ये सेवा करतात आणि तिथे त्यांना एक छंद जडला आहे. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात, म्हणजे माशीने मासे पकडणे. ही माशी खरी नसते. बारीक गळावर दोरा, पीस, लोकरीचा तंतू गुंडाळून पाण्यातल्या किड्यासारखा आकार करतात. तिला वजन नसल्यामुळे ती नुसती फेकता येत नाही. वजनदार दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि तिच्या जोरावर माशी पाण्यावर अलगद ठेवायची. कसब फार आणि मासे थोडे, असा हा व्यवहार. पण जुना आहे. एलियन नावाच्या लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन करताना लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधलेल्या गळाची हकिकत लिहून ठेवली आहे.

त्यांची नदी सॅन हुआन. तिच्यावर नवाहो नावाचे मोठे धरण आहे. धरणाच्या तळातून सोडलेले पाणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जवळपास सारखेच थंड असते. त्यामुळे भोवती बर्फ पडला तरी धरणाखालची काही मैल नदी गोठत नाही, आणि ट्राउट मासा तिथे बारा महिने राहतो. म्हणून लोक जानेवारीतही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. फादर लिहितात की ओली दोरी ओढली की काठीच्या कड्यांत थेंब गोठतात, कडी बुजते, मग काठी पाण्यात बुडवून बर्फ सोडवायचा. बोटे बधिर. माशी तांदळाच्या कणीएवढी, ती दोऱ्याला बांधायलाच दहा मिनिटे. सकाळी अकराच्या आत काही होत नाही, दुपारी तीननंतर पुन्हा सारे शांत. मधल्या वेळात एखादा मासा आला तर आला. आला तरी हिसका देत नाही. थंडीतला मासा माशी तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. दोरी क्षणभर थबकते, एवढेच. ते थबकणे कळले नाही तर मासा येऊन गेला हेही कळत नाही. शेवटी त्यांनी लिहिले आहे की आजवर सहा वेळा गेलो, दोनदाच मासा हाती आला, आणि सातव्यांदा जाणार आहे.

थंडीत हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. मासा आपल्यासारखी स्वतःची ऊब अंगात बाळगत नाही. पाणी जेवढे गार, तेवढे त्याचे अंग गार. पाण्याचे तापमान दहा अंशांनी उतरले की त्याच्या शरीरातील सगळे व्यवहार साधारण निम्म्या गतीवर येतात. भूक कमी, पचन मंद, हालचाल मोजकी. तो आजारी नसतो; त्याला गरजच कमी असते. आपल्याकडे बर्फ नाही, पण पौषातल्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि रोहू, कटला, मृगळ हे तर उबेचे मासे. ते खोल पाण्यात जातात. काठाचे उथळ पाणी दुपारच्या उन्हाने जरासे कोमट झाले की थोडे वर सरकतात. सिंदफणेच्या खोऱ्यातील कोणत्याही भोयाला हे पुस्तक न वाचता माहीत आहे. दुपारची ती मधली वेळ न्यू मेक्सिकोत आणि वडवणीत सारखीच निघावी, याची मला गंमत वाटली.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेची चिकित्सा करताना चार गोष्टी सांगितल्या आहेत. जिची आशा धरायची ती गोष्ट चांगली असावी, अजून हाती आलेली नसावी, मिळायला कठीण असावी, आणि तरीही शक्य असावी. सोपी असेल तर आशेचे काम नाही, हात पुढे केला की झाले. अशक्य असेल तर उरते ती निराशा. थॉमस यांना दाखला हवा असता तर थंडीतला गळ नक्की चालला असता. (त्याच प्रकरणात पुढे ते असेही म्हणतात की तरुणांमध्ये आणि दारू प्यालेल्यांमध्ये आशा भरपूर असते. गळ टाकणाऱ्यांचा उल्लेख तिथे नाही. तो मी मनातल्या मनात जोडला.) पण या चारांच्या पुढे एक प्रश्न उरतो आणि माझी अडचण तिथेच आहे. ती गोष्ट मिळालीच नाही, तर काय होणार?

माझ्या सोबत्याचे काही होणार नाही. संध्याकाळी घरी जेवण तयार आहे. उलट रिकामा गळ हीच त्यांची गोष्ट झाली आणि ती त्यांनी मला दोन पाने भरून लिहिली. यात मी त्यांना कमी लेखत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत मिस्सा करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस नदीत उभे राहावेसे वाटणे मी समजू शकतो. मनाला विसावा लागतो आणि खेळ हा त्याचा मार्ग आहे, हेही थॉमस यांनीच लिहिले आहे. धर्मगुरूंना तर ख्रिस्तसभेने या बाबतीत पूर्वीपासून सवलत दिलेली दिसते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार आणि पाखरे मारणे मना केले. मासेमारीचे नाव घेतले नाही. त्याआधी सुमारे ११४० साली ग्रेशियनने केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात तर असा विचार आहे की पवित्र शास्त्रात शिकारी संत सापडत नाही, कोळी संत सापडतात. १६५३ साली आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने गळाच्या छंदावर प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यातही धर्मगुरूंची ही सवलत मोठ्या आनंदाने नोंदवली आहे. या सर्व विद्वानांनी माशाचे मत घेतले नव्हते, एवढे मात्र खरे.

माशाच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. माझ्या सोबत्याच्या नदीवर नियम असा की पकडलेला मासा पुन्हा सोडायचा आणि गळाला उलटा काटा ठेवायचा नाही. ऐकायला किती दयाळू! पण २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशावर प्रयोग करून दाखवले की त्याच्या डोक्याच्या भागात इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत. ओठाला ॲसिड टोचले तर तो ओठ खड्यांवर घासतो आणि बराच वेळ खात नाही. याला वेदना म्हणावे की नुसती शरीराची प्रतिक्रिया, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तो मिटेपर्यंत आपण काय धरून चालायचे? स्वित्झर्लंडने २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांत, सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडणे सरळ मना केले. त्यांचे म्हणणे असे की खायचा असेल तर पकडा, करमणुकीसाठी त्याच्या तोंडात गळ घालू नका. म्हणजे एका देशात माशावर दया करायची तर तो सोडायचा, दुसऱ्या देशात दया करायची तर तो खाण्यासाठीच धरायचा. दोघेही माशाचेच नाव घेतात.

मला स्विस लोकांचे म्हणणे अधिक पटते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ क्रमांकाच्या परिच्छेदात विनाकारण प्राण्यांना क्लेश देणे किंवा त्यांचा जीव घेणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे सांगितले आहे. 'विनाकारण' हा शब्द तिथे महत्त्वाचा. भूक हे कारण आहे. करमणूक हे कारण आहे का? असेलही, पण फार बारीक. सोबत्याला मी तसे लिहिले आहे, आणि त्यांचे उत्तर येईल तेव्हा ते लांबलचक असणार याची खात्री आहे. त्यांच्या बाजूने एवढे सांगतो की थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, त्यामुळे सोडलेला मासा उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जगण्याचा संभव अधिक. फक्त त्याला गोठवणाऱ्या हवेत फोटोसाठी धरून ठेवू नये. आपल्या देशात हिमाचल प्रदेशाने हा प्रश्न सोपा करून टाकला आहे. तिथे ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर त्या पाण्यात मासेमारीच बंद असते. आपल्याच राज्यात महाड तालुक्यात वाळण कोंड येथे तर देवीचे मासे म्हणून नदीच्या डोहातले महासीर कोणी कोणत्याच ऋतूत धरत नाही.

आता आपला तलाव. ऊर्ध्व कुंडलिका प्रकल्पाचे पाणी सोन्नाखोट्याला अडले आहे, तुम्ही सगळे ते जाणता. अशा तलावांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थेकडे असते; ते बोटुकली सोडतात, जाळी लावतात. काठावर गळ घेऊन बसणारे निराळे. हिवाळ्यात ते बहुतेक म्हातारे आणि पोरे असतात, कारण हातपाय धड असलेली माणसे ऊसतोडीला गेलेली असतात.

एका आजारी आजीला ख्रिस्तप्रसाद देऊन परत येत होतो. काठावर बारा वर्षांचा एक पोरगा बसला होता. आईवडील मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर, हा आजीकडे. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगायला थर्माकोलचा तुकडा, डबीत गांडुळे.

"काय रे, लागलं का काही?"

"नाय फादर. पाणी लई गार हाय, मासा खाली बसलाय."

"मग दुपारी यायचं, ऊन पडल्यावर."

"दुपारी बी हिथंच हाय की. सकाळपसून हाय."

"आणि नाहीच मिळाला तर?"

"आजीनं भाकर केलीय. चटणी हाय."

मी उभा असतानाच थर्माकोल हलला. चार बोटांएवढी एक रोहू निघाली. त्याने ती हातात घेतली, उलटून पाहिली आणि पाण्यात सोडली. मी विचारले, का सोडलीस? म्हणाला, "एवढीचं काय कालवण होतंय? मोठी होऊन येईल की परत."

माझ्या सोबत्याने सोडलेला ट्राउट आणि या पोराने सोडलेली रोहू यांत फरक काय? मासा दोन्हीकडे वाचला. तिकडे तो नियमाने सुटला आणि सोडणाऱ्याचे त्यात काही गेले नाही. इकडे नियम सांगायला कोणी नव्हते आणि त्या संध्याकाळी भाकरीबरोबर चटणीच होती. असे म्हटले की पोराचे कौतुक करून मोकळे व्हावेसे वाटते. पण मला ते जमत नाही. बारा वर्षांच्या मुलाने आईबापांवाचून चार-पाच महिने काढायचे आणि आपण त्याच्या संयमाला सद्गुण म्हणून टाळ्या वाजवायच्या, यात काहीतरी बरोबर नाही. आपल्या भाषेत धीर आणि नाइलाज हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच ठेवलेले बरे. धीर माणूस धरतो. नाइलाज त्याच्यावर येऊन पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही पाण्याकाठी गप्प बसलेले सारखेच दिसतात.

तरीही त्या पोराचे बसणे निव्वळ नाइलाज होते असे म्हटले तर तेही खोटे होईल. तो सकाळी सावलीच्या बाजूला नव्हता. भरावाच्या पायथ्याशी, जिथे दगड आधी तापतात तिथे बसला होता. दोरा किती खोल सोडायचा हे तो दर थोड्या वेळाने बदलून पाहत होता. थर्माकोल हलला तेव्हा त्याचा चेहरा जसा झाला, तसाच सॅन हुआन नदीत माझ्या सोबत्याचा होत असणार. गरिबाचे काम म्हणजे फक्त गरज आणि श्रीमंताचे काम म्हणजे फक्त हौस, अशी वाटणी आपण पटकन करतो. त्या पोरालाही मासे धरायला आवडते. फक्त त्याच्या आवडीच्या पाठीमागे एक पातेले उभे आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर एकच नाही. सोबत्याचा दिवस वाया गेला नाही, हे ते स्वतः म्हणू शकतात आणि मी मान्य करतो. पोराचा गेला की नाही, हे मी त्याच्या वतीने ठरवू शकत नाही. ते त्याची आजी ठरवील. धीराचे मोल पाण्याकाठी ठरत नाही. घरी त्या माशाची वाट कोण पाहत आहे, त्यावर ते ठरते. पोटभर जेवलेल्या माणसाने उपाशी माणसाला "फळाची चिंता करू नकोस" असे सांगू नये, मग सांगणारा व्यासपीठावर असो की वेदीपुढे.

तिसऱ्या प्रकारची माणसेही असतात. पाणी 'नाही' म्हणाले की त्यांना ते सहन होत नाही. थंडीत मासा खाली बसला, तर ते जिलेटिनची कांडी फोडून त्याला वर आणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला तलावाचा डोह उरला की मच्छरदाणीच्या जाळीने त्यातले बोटुकलीसकट सगळे ओढून काढतात. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील तलाव एकामागून एक आटले, तेव्हा शेवटच्या डोहांत मासा दाटीने जमला होता. असा मासा धरायला ना धीर लागतो ना कसब. गरज त्यांनाही असते, हे मी नाकारत नाही. पण चार बोटांची रोहू सोडणाऱ्याच्या घरीही गरज होती.

शुभवर्तमानांत मासे पुष्कळ आहेत, पण ते जाळ्यातले. लूक आणि योहान या दोघांनीही रात्रभर कष्ट करून काही न मिळाल्याचे प्रसंग सांगितले आहेत, तेही जाळ्याचेच. गळ एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर भरायचा आहे. येशू पेत्राला सांगतो की सरोवरावर जा, गळ टाक, पहिला मासा वर येईल त्याच्या तोंडात नाणे सापडेल, ते तुझ्यामाझ्यासाठी भर. पेत्र जाळ्यांचा धंदेवाईक कोळी. आपल्याच गावच्या काठावर, ओळखीच्या लोकांदेखत, हातात एक गळ घेऊन बसायला त्याला कसेसेच झाले असेल. आणि हे हौसेचे बसणे नव्हते. देणे अंगावर होते. गंमत अशी की मत्तय इथेच थांबतो. पेत्र गेला का, किती वेळ बसला, मासा लगेच लागला की संध्याकाळ झाली, नाणे निघाले का, यातले काहीही तो सांगत नाही. आपण सगळे धरून चालतो की निघाले. वर्गात यावर आमचा एकदा मोठा वाद झाला होता, आणि हेच सोबती तेव्हा म्हणत होते की बसणे महत्त्वाचे, नाणे नव्हे. आता वाटते, कर वसूल करणारा दारात उभा असताना पेत्राला हे म्हणून पाहायला हवे होते.

मार्चच्या सुमारास पट्टा पडेल, ट्रॅक्टर परततील, कुलपे निघतील. तोवर पाणी कोमट होईल आणि मासा भुकेला होईल. फक्त तलाव तेव्हा बराच आत सरकलेला असेल आणि पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जावे लागेल. पोराला हे सगळे ठाऊक आहे. मी निघताना तो म्हणाला, "तवा बापाला घेऊन येणार हाय. त्याला गळ टाकता येत नाय, मी शिकवणार हाय."

तुमचा,
धर्मगुरू